वर्धापनदिनाचा ग्रुप फोटो, आणि तो काढणाऱ्या मावशी

दुपारची_झोप (धागाकर्ती)

मंडळी, आठवडाभर एक गोष्ट डोक्यात घोळतेय म्हणून धागा काढतेय. लांबलंय, सांभाळून घ्या.

मी पुण्याजवळच्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत अॅडमिनला आहे. कंपनीला पंचवीस वर्षं झाली. कार्यक्रम ठरला, यादी करायचं काम माझ्याकडे आलं. मी एक्सेल उघडलं, पे-रोलचा फिल्टर लावला, १८२ नावं आली. १८२ चांदीची नाणी मागवली, १८२ ताटं सांगितली. खरं सांगते, तेव्हा मनात काहीही आलं नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी फोटोग्राफर लवकर निघून गेला आणि नेमका तेव्हाच सगळ्यांना पायऱ्यांवर उभं राहून एक फोटो हवा झाला. कुणीतरी हाक मारली, "मावशी, एक फोटो काढा ना." पँट्रीतल्या मावशी आल्या, पदराला हात पुसले, चार फोटो काढले. वर "थांबा, मागचे दिसंनात, अजून एक घेते" असंही म्हणाल्या. मग सगळे जेवायला गेले आणि त्या ताटं उचलायला.

मावशी आमच्याकडे चौदा वर्षं आहेत. पायऱ्यांवर उभ्या असलेल्यांपैकी फार तर वीसेक जण त्यांच्या आधीचे असतील. एमडी सहा वर्षांपूर्वी आलेत. सोमवारी तो फोटो मोठा करून रिसेप्शनच्या भिंतीवर लागला. खाली अक्षरं: 'आपण एक कुटुंब'. त्या फ्रेमवरची धूळ पुसायचं काम कुणाकडे आहे हे वेगळं सांगत नाही.

हाउसकीपिंग, पँट्री, सिक्युरिटी, ड्रायव्हर, स्टोअरचे लोडर मिळून ठेकेदाराची साठ-पासष्ट माणसं आहेत. एचआरला विचारलं तर उत्तर आलं, "ते आपले नाहीत, व्हेंडरचे आहेत. त्यांना सामील करून घेतलं की लीगल प्रॉब्लेम येतो." खरंच येतो का? तुमच्याकडे काय पद्धत आहे? आणि जिच्या हातात फक्त यादी असते अशा माझ्यासारखीनं काय करावं?

खटपट्या

रुमाल टाकून ठेवतो. रात्री सविस्तर लिहितो.

साखरेचा_डबा

जिच्या हातात यादी तिच्या हातात बरंच काही असतं हो.

आमच्याकडे कपांची गंमत आहे. २०२० च्या कोविडात सगळ्यांना कागदी कप झाले, ते ठीकच होतं. मग सगळं सुरळीत झाल्यावर स्टाफचे नाव घातलेले मग परत आले, साहेबांची बशीसकट कपं परत आली, पण पँट्रीतली पोरं आणि सिक्युरिटी अजून कागदी कपावरच. कुणी ठरवलं विचाराल, तर कुणीच नाही. ऑर्डर चालू राहिली, एवढंच. एकदा मी वॉचमनकाकांना माझ्या मगमधून चहा दिला तर ते म्हणाले, "मॅडम, नको, परत धुवायला मलाच लागेल." आता यावर काय बोलणार!

भवानी_मंडप

कपावरून कोल्हापूरची आठवण निघणारच. गंगाराम कांबळे राजवाड्याच्या पागेत कामाला होते, पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून मार खाल्ला. शाहू महाराजांनी त्यांना चहाचं हॉटेल काढायला मदत केली. लोक यायला बिचकायचे, तर महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा प्यायचे आणि सोबतच्या बड्या मंडळींनाही पाजायचे. 'अस्पृश्यता पाळू नये' अशी पाटी लावून भागलं नसतं. राजा चहा पितोय म्हटल्यावर बाकीच्यांची पंचाईत झाली.

तुमच्या एमडीनं एक दिवस पँट्रीत उभं राहून कागदी कपातून चहा प्यावा. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना चहाचे मग येतात की नाही बघा.

कुंपणावरून

मी जरा वेगळं बोलतो, शिव्या घालायच्या तर घाला.

फोटोचं एवढं काय? कार्यक्रम कंपनीचा, खर्च कंपनीचा, यादी कंपनीच्या लोकांची. उद्या टँकरवाला म्हणेल मीही दहा वर्षं पाणी टाकतोय, मलाही नाणं द्या. 'बिलाँगिंग'चं हे खूळ मोठ्या कंपन्यांच्या प्रेझेंटेशनमधून खाली झिरपलंय. मावशींना पगार वेळेवर मिळतोय का, पीएफ भरला जातोय का, सुट्टी मिळते का, हे बघा. फोटोनं पोट भरत नाही. तुम्ही फोटोत घेतलंत, तुम्हाला बरं वाटलं, मावशींचं काय बदललं?

साखरेचा_डबा

@कुंपणावरून, टँकरवाला तुमच्या हापिसात रोज आठ तास बसत नाही. बाकी पगाराच्या मुद्द्याला +१.

निमूट

इथे सहसा लिहीत नाही, पण हा धागा वाचून राहवलं नाही.

माझी आई एका मोठ्या इमारतीत ठेक्यावर झाडलोट करायची, बावीस वर्षं. तिला फोटोबिटोचं काही नव्हतं. ती एकच गोष्ट मागायची, पीएफचा नंबर. ठेकेदार म्हणायचा कापतोय, पावती कधी दिली नाही. २०१४ ला यूएएन (पीएफचा कायमचा नंबर, ठेकेदार बदलला तरी तोच राहणारा) आला तेव्हा मी कॉलेजात होतो. सायबर कॅफेत बसून तिचा नंबर काढला आणि त्यात किती जमा आहे ते दाखवलं. रक्कम बघून ती रडली, कारण फार कमी होती. म्हणजे कुंपणावरून यांचं म्हणणं मला पटतं.

पण पुढचंही सांगतो. आई गेली तेव्हा तिच्या ट्रंकेत तिचं ओळखपत्र सापडलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं, पिशवी पुन्हा रुमालात. त्यावर त्या इमारतीचं नाव मोठ्या अक्षरात होतं आणि ठेकेदाराचं खाली बारीक. पहिल्या दोन ठेकेदारांनी फक्त स्वतःच्या नावाची कार्डं दिली होती, ती तिनं कधीच फेकून दिली होती. हे एक ठेवलं.

म्हणजे तिला दोन्ही हवं होतं. आधी पैसे, हे खरं. पण दुसरंही हवं होतं.

शेंगदाण्याचं_कूट

निमूट, 🙏. आणखी काही लिहवत नाही.

कलमबहाद्दर

कामगार कायद्याचं काम करतो म्हणून थोडं रुक्ष लिहितो.

एचआर खोटं बोलत नाही, पण अर्धंच सांगतंय. कंपन्यांच्या मनात भीती बसलीय ती कोर्टाची. ठेका खरा आहे की नुसता देखावा, हे कोर्ट तपासतं. २००१ साली स्टील अथॉरिटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं सांगितलं की ठेकापद्धत बंद केली म्हणून कामगार आपोआप कायम होत नाहीत, पण ठेका मुळातच देखावा असेल तर ते मूळ मालकाचेच कामगार धरायचे. मग नेमणूक कोण करतं, पगार कोण देतं, रजा कोण मंजूर करतं, शिस्तीची कारवाई कोण करतं, रोजच्या कामावर देखरेख कुणाची, असे प्रश्न निघतात.

यातून कंपन्यांनी शहाणपण काढलं ते असं: कार्ड वेगळ्या रंगाचं द्या, ईमेल देऊ नका, सूचना ठेकेदाराच्या सुपरवायझरमार्फत द्या, आणि जेवायला बोलावू नका. पहिल्या तीन गोष्टींना काही आधार आहे. चौथी निव्वळ भित्रेपणा आहे. इतक्या वर्षांत लाडू दिला म्हणून किंवा फोटोत उभं केलं म्हणून कुणी कायम झाल्याचा एकही निकाल माझ्या पाहण्यात नाही.

उलट पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह, विश्रांतीची जागा या सोयी ठेकेदारानं दिल्या नाहीत तर मूळ मालकानं द्यायच्या, पगार थकवला तर तोही मूळ मालकानं भरायचा, हे १९७० च्या ठेका कामगार कायद्यातच होतं. आता तो विषय नव्या संहितेत गेलाय. 'ते आपले नाहीत' हे वाक्य कायद्यालाही पूर्ण मान्य नव्हतं.

दुपारची_झोप

@कलमबहाद्दर, स्वच्छतागृहाचं वाचून चपापले. आमच्या तिसऱ्या मजल्यावरचं लेडीज टॉयलेट दिवसातून चार वेळा ज्या धुतात, त्यांना जायचं झालं तर तळघरात जावं लागतं. तसा लेखी नियम नाही. 'जातात तिकडेच' असं सगळे म्हणतात.

ऱ्हाइनकाठची

जर्मनीतून लिहितेय. इथेही एजन्सीमार्फत येणारी माणसं खूप आहेत, गोदामं आणि गाड्यांच्या कारखान्यांत तर फारच. फरक एवढाच की बऱ्याच गोष्टी कायद्यात लिहून ठेवल्यात. युरोपीय संघाचा २००८ चा निर्देश आहे: एजन्सीच्या कामगारांना कँटीन, पाळणाघर, वाहतुकीची सोय इतरांसारखीच मिळाली पाहिजे, नाकारायची तर तसं ठोस कारण हवं. जर्मन कायद्यात ते कलम आहेच. शिवाय तीन महिन्यांहून जास्त काळासाठी आलेल्याला ज्या कंपनीत काम करतो तिथल्या कामगार परिषदेच्या निवडणुकीत मतही देता येतं.

म्हणून इथे सगळं आलबेल आहे असं समजू नका. गेल्या नाताळच्या पार्टीला आमच्या गोदामातल्या एजन्सीच्या मुलांना आमंत्रण नव्हतं. मी विचारलं तर उत्तर आलं, "कायद्यात कँटीन आहे, पार्टी नाही." जर्मन माणूस नियम तोंडपाठ करतो तो असा.

शेंगदाण्याचं_कूट

म्हणजे मावशींना पुण्यात फोटो नाही आणि ड्युसेलडॉर्फात केक नाही. जागतिकीकरण!

पाटी_पेन्सिल

अवांतर वाटेल, पण 'मावशी' या शब्दावरच मला बोलायचंय. आपण त्यांना मावशी, मामा, काका म्हणतो, त्या आपल्याला 'सर', 'मॅडम'. नातं असं एकाच बाजूनं कसं असतं? किती जणांना आपल्या ऑफिसातल्या मावशींचं नाव माहीत आहे? प्रामाणिकपणे हात वर करा.

साखरेचा_डबा

हात वर केला नाही. 🙈

पण 'अगं ए'पेक्षा मावशी बरं ना? आमचे उत्तरेकडचे एक साहेब चुटकी वाजवून बोलवायचे.

तीन_शिफ्ट

नावाचं इतकं सोपं नाही, @पाटी_पेन्सिल. आमच्याकडे एक नवीन मॅनेजर आले, फार चांगला माणूस. म्हणाले आपण सगळ्यांना आदरानं पूर्ण नावानं बोलवू. हाउसकीपिंगच्या सगळ्यांना कार्ड दिलं, नाव-आडनाव मोठ्या अक्षरात. महिनाभरात पँट्रीतल्या एका पोराचं काम बदललं. चहा करायचा तो फरशी पुसायला लागला. कुणी बोललं नाही, कुणी लिहिलं नाही. फक्त दोन-चार जणांनी आपला चहा घरून आणायला सुरुवात केली होती आणि सुपरवायझरला ते कळलं होतं. त्याआधी दीड वर्षं तो सगळ्यांचा 'बंटी' होता आणि त्याच्या हातचा आलं घातलेला चहा सगळे मिटक्या मारत पीत होते.

माझंही आडनाव तसंच आहे. इंटरव्ह्यूत "मूळ गाव कोणतं? गावात घर कुठल्या बाजूला?" असं विचारून घेतात तेव्हा काय विचारतायत ते मला कळतं. म्हणून नुसतं नाव विचारा, पुरतं तेवढं. पुढचं मनात येऊ नये यासाठी काय करायचं ते ज्याचं त्यानं बघावं.

पाटी_पेन्सिल

@तीन_शिफ्ट, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माझा आधीचा प्रतिसाद मला आता फार वरवरचा वाटतोय. राहू देते, पुसत नाही.

चिंचपोकळी_पूर्व

@तीन_शिफ्ट यांच्या चहावरून गिरण्यांचं आठवलं. मुंबईच्या कापड गिरण्यांत दलित कामगार होते, पण विणकाम खात्यात त्यांना घेत नसत, आणि पगार तर तिथेच जास्त. कारण काय, तर धोट्यातला (मागावर इकडून तिकडे धागा नेणारं साधन) धागा ओढताना तोंड लावावं लागायचं, आणि यांनी तोंड लावलेला धोटा इतर कसा लावणार! मालकांची ना नव्हती असं नाही, पण अडसर शेजारच्या मागावरच्या कामगाराचाही होता. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला, की मागण्यांच्या यादीत हेही आलं पाहिजे.

सांगायचं म्हणजे यादीतून वगळणारी माणसं नेहमी वरच्या केबिनमध्येच बसलेली नसतात.

(धाग्यावर धाग्याची गोष्ट सांगितली, हलके घ्या.)

इंदिरानगर_पलीकडचा

चिंचपोकळी यांच्या शेवटच्या वाक्यावरून एक कबुली. मी बेंगळुरूत. आमच्या टीममध्ये नऊपैकी सहा मराठी. जेवणाच्या टेबलावर मिसळ कुठली चांगली इथपासून सगळं मराठीत. एक कन्नड मुलगी आणि एक मणिपुरी मुलगा आधी आमच्याबरोबर बसायचे, हळूहळू बसेनासे झाले. आम्हाला वाटलं त्यांना एकटं राहायला आवडतं! ती मुलगी नोकरी सोडून गेली तेव्हा निरोपाच्या दिवशी तिनं हसत हसत मराठीत "चला, जेवायला" म्हटलं. तेवढंच शिकली होती, कारण तेवढंच तिला उद्देशून कुणी म्हणायचं.

मुंबईत कुणी मराठीत बोललं नाही की आपला केवढा संताप होतो ते आठवून मला माझीच लाज वाटली. ती तर तिच्या स्वतःच्या राज्यात होती.

डावा_कान

माझं छोटंसं. एका कानानं ऐकू येत नाही, दुसऱ्यानं कमी. ऑफिसात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे 'समान संधी धोरण' फ्रेम करून लावलंय, लिफ्टमध्ये ब्रेल आहे, सगळं आहे. पण मीटिंग संपता संपता कुणीतरी विनोद करतं, सगळे हसतात आणि मीही हसतो. आठ वर्षं झाली. एका नवीन इंटर्ननं परवा वाकून विचारलं, "तुम्हाला ऐकू आला का? सांगू?" विनोद फालतू होता.

शेंगदाण्याचं_कूट

@डावा_कान, विनोद फालतू होता हे आधी कळलं असतं तर आठ वर्षांचं हसणं वाचलं असतं. (हलके घ्या.) त्या इंटर्नला माझ्यातर्फे चहा.

खडूची_धूळ

मी शिक्षण सेवक होतो. बाहेरच्यांसाठी: महाराष्ट्रात २००० पासून नव्या शिक्षकाला पहिली तीन वर्षं पगार नाही, मानधन. प्राथमिकला कित्येक वर्षं महिना सहा हजार होतं, २०२३ मध्ये सोळा झालं. काम पूर्ण शिक्षकाचं, वर जनगणना ते निवडणूक सगळं.

आमच्या शाळेतल्या हजेरीपटात आमची नावं शेवटच्या पानावर, मध्ये एक पान कोरं सोडून. का कोरं सोडलं होतं देव जाणे, बहुधा विटाळ होऊ नये म्हणून. शिपाईमामांचा पगार माझ्या चौपट होता आणि खरं सांगतो, तिथे मला माणसासारखं वागवलं ते त्यांनीच. पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये खुर्ची नव्हती तर स्वतःचं स्टूल आणून दिलं. "सर, तीन वर्षं काढा, मग ह्यांचे आवाज बदलतात," म्हणाले. तीन वर्षं आणि एका दिवसानं खरोखर बदलले. ज्या बाईंनी मला कधी डब्यातलं विचारलं नव्हतं त्यांनी पुरणपोळी आणली. खाल्ली मी. तुपाची होती.

कुंपणावरून

खडूची_धूळ, पुरणपोळी खाल्लीत हे फार आवडलं.

टोळी_नंबर_चार

बराच वेळ वाचतोय. निमूटदादांच्या आईचं कार्ड वाचून वडील आठवले.

वडील माथाडी. आम्ही पाटण तालुक्यातले. आधी मशीद बंदरला, मग बाजार वाशीला गेला तसे ते वाशीला. माथाडीचं काम म्हणजे आज या गाळ्यावर कांदा, उद्या त्या गाळ्यावर मिरची. पूर्वी पोतं पाठीवर आहे तोवर तुम्ही व्यापाऱ्याचे, उतरवलं की कुणाचेच नाही. अण्णासाहेब पाटलांनी संघटना उभी केली आणि १९६९ ला कायदा झाला. त्यात युक्ती अशी की कामगाराची नोंद व्यापाऱ्याकडे नाही, बोर्डाकडे. व्यापाऱ्यानं मजुरी आणि वर ठरलेली लेव्ही (मजुरीवरची जादा टक्केवारी) बोर्डात भरायची. पगार, पीएफ, बोनस, ग्रॅच्युइटी बोर्ड देणार. गाळा बदलला, व्यापारी बदलला, माणसाचा नंबर तोच. सुरक्षारक्षकांसाठीही १९८१ ला असंच बोर्ड झालं.

यात सगळं गोड आहे असं नाही. बोगस टोळ्या, माथाडीच्या नावाखाली वसुली, हे सगळं मी बघितलंय आणि त्यानं नाव खराब झालंय. पण लग्नाकार्यात कुणी विचारलं, "कुणाकडं कामाला?" तर वडील म्हणायचे, "बोर्डात." व्यापाऱ्याचं नाव कधीच घेतलं नाही. छाती पुढं काढून म्हणायचे.

धागाकर्तीताई, तुमच्या मावशींना कुणी विचारलं कुठं कामाला, तर त्या काय सांगत असतील? तुमच्या कंपनीचं नाव की ठेकेदाराचं?

दुपारची_झोप

@टोळी_नंबर_चार, तुमचा प्रश्न वाचून मी शेवटी ते केलं जे धागा काढायच्या आधी करायला हवं होतं. मावशींशीच बोलले. चार वाजता पँट्रीत, दार लोटून.

फोटोचं काढल्याबरोबर हसल्या. "जाऊ द्या हो. त्या दिवशी केसाला तेल चोपडलेलं होतं, मी आलेच नसते." मग जरा थांबून म्हणाल्या, "मॅडम, माझी चौदा वर्षं तुमच्याकडं कुठं लिहिलेली आहेत का?"

मला प्रश्न समजला नाही. मग त्यांनी सांगितलं. चौदा वर्षांत चार ठेकेदार झाले. दर वेळी जुन्यानं राजीनाम्यावर सही घेतली, नव्यानं नवीन फॉर्म भरला. माणूस तोच, पँट्री तीच, गॅसही तोच. सध्याच्या कार्डावर रुजू तारीख आहे ऑगस्ट २०२३. म्हणजे कागदावर त्या त्यांनी शिकवलेल्या पोरांपेक्षाही नव्या. मागे सुनेच्या बाळंतपणाला रजा मागितली तेव्हा ठेकेदाराचा सुपरवायझर म्हणाला होता, "नवीन लोकांना एवढी रजा नसते." बावीस वर्षांचा पोरगा असेल तो.

आमच्या सिस्टिममध्ये बघितलं. काही नाही, व्हेंडर कोड आणि माणसांचा आकडा. मग मला जुनी गेट रजिस्टरं आठवली. स्टोअरच्या माळ्यावर पोत्यात भरून ठेवलीत. दोन दिवस शोधून पहिलं सापडलं. वॉचमनच्या वेड्यावाकड्या अक्षरात त्यांचं पूर्ण नाव, वेळ सकाळी ७.४०, आणि पुढे त्यांची सही. जोडाक्षर सुटं सुटं लिहिलेलं.

नाव मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. इथे लिहीत नाही. @पाटी_पेन्सिल, मीही हात वर करू शकत नव्हते.

कलमबहाद्दर

आता खरा मुद्दा आला. हीच युक्ती सगळीकडे चालते. ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षं लागतात, हा १९७२ च्या कायद्यापासूनचा नियम. ठेकेदार तीन-चार वर्षांनी बदलला की कुणाचीच पाच भरत नाहीत. यूएएनमुळे पीएफ निदान माणसामागे फिरतो. ग्रॅच्युइटी ठेकेदारापाशी मरते.

कोर्टात जायचा सल्ला मी आत्ता देणार नाही, मावशींची नोकरी आधी जाईल. पण पुढच्या ठेक्याच्या करारात तुम्ही तीन गोष्टी घालू शकता. नव्या ठेकेदारानं आहेत तीच माणसं घ्यायची. रजेसाठी आणि ज्येष्ठतेसाठी या जागेवरची पहिली तारीख धरायची. आणि ग्रॅच्युइटीची तरतूद दर महिन्याला वेगळी दाखवून वेगळ्या खात्यात ठेवायची, ठेकेदार बदलला की ती रक्कम माणसाबरोबर पुढे जाईल. हिशोब सोपा आहे: वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, महिना सव्वीस दिवसांचा धरून. म्हणजे महिन्याला साधारण ४.८१ टक्के. पंधरा हजार पगारावर सातशे एकवीस रुपये.

दुपारची_झोप

ठेका नेमका याच तिमाहीत संपतोय. तुमचं कलम टंकून परचेसला पाठवलं. एका ओळीत परत आलं: "रेट वाढेल, एल-वन बदलेल, नॉट फिजिबल."

ऱ्हाइनकाठची

एल-वन म्हणजे?

खडूची_धूळ

सगळ्यात कमी बोली लावणारा. शाळेच्या पोषण आहारापासून पुलापर्यंत सगळं तोच बांधतो.

कुंपणावरून

आता मला बोललंच पाहिजे, कारण मी सत्तावीस वर्षं परचेसमध्ये काढली. तुमच्या माणसाचं उत्तर मीही दिलं असतं. दिलेलं आहे, पुष्कळदा.

तुम्ही चुकीच्या ठिकाणी कलम घातलंत. अटींमध्ये घातलं की प्रत्येक बोलीवाला त्याचा वेगळा अंदाज बांधतो, प्रामाणिक माणूस रेट वाढवतो, लबाड माणूस वाढवत नाही आणि तोच एल-वन होतो. त्याऐवजी बोलीचे दोन भाग करा. पहिल्या भागात पगार, पीएफ, ईएसआय (कामगार विमा), बोनस, रजा आणि तुमची ती ४.८१ टक्के, असं सगळं तुम्हीच भरून द्या, सगळ्यांना सारखं, हात लावायचा नाही. बोली फक्त दुसऱ्या भागावर, म्हणजे ठेकेदाराच्या सर्व्हिस चार्जवर. तुलनाही फक्त त्याचीच. मग माणसाच्या पगारात हात घालून कुणाला एल-वन होताच येत नाही. आणि सर्व्हिस चार्ज शून्य टाकणाऱ्याला बाद करा, तो पैसा दुसरीकडून काढणार हे उघड आहे.

खर्च वाढेल, हे लपवू नका. साठ माणसांचा किती वाढतो तो आकडा आधीच काढून फायनान्सला द्या. पंचवीस वर्षांच्या कार्यक्रमाचं बिल तुमच्याकडे असेलच, शेजारी ठेवा.

आणि हो, फोटोचं माझं मत तेच आहे.

टोळी_नंबर_चार

साहेब, तुमच्या मतासकट तुम्हाला रामराम. 🙏

दुपारची_झोप

@कुंपणावरून, आकडा काढला. साठ माणसांचा वर्षाचा वाढीव खर्च कार्यक्रमाच्या बिलापेक्षा कमी भरतोय. नाण्यांसकट बिल धरलं तर बऱ्यापैकी कमी. दोन भागांची बोली परचेसच्या मॅनेजरना दाखवली, 'बघतो' म्हणालेत. परवा 'नॉट फिजिबल' होतं, आज 'बघतो'. तिसऱ्या मजल्याचं टॉयलेट मात्र मिटलं, त्याला कुणाची सही लागत नव्हती. मीच तोंडानं सांगून टाकलं. तरी दोघीजणी अजून तळघरातच जातात.

साखरेचा_डबा

जातील काही दिवस. मागे लागू नका. आमच्या पँट्रीत स्टीलचे पेले आले, जाता जाता सांगते.

खटपट्या

रुमाल टाकून बरेच दिवस झाले, माफी. रात्री सविस्तर लिहिणार होतो, तेवढ्यात तुम्ही सगळं लिहून मोकळे. एकच विचारतो: त्या गेट रजिस्टरांचे फोटो काढून ठेवलेत का? माळ्यावरची पोती दिवाळीच्या साफसफाईत पहिली जातात रद्दीत.

दुपारची_झोप

काढले, पहिल्या वर्षापासूनचे. पानं उडत होती म्हणून मावशींनी धरली आणि मी काढले.